तलवारवाल्याला जिवंत कसं धरायचं? जपानची कमी माहितीतली हत्यारं

पाणकणीस

तोक्योला निशि-कसाईत राहायला आले, तेव्हा पहिले काही महिने नकाशे वाचण्यातच गेले. जपानी नकाशावर अग्निशमन केंद्रासाठी एक छोटी खूण असते. खाली दांडी आणि वर दोन फाटे, आपल्या बेचकीसारखी. ती खूण नेमकी कशाची आहे हे कळायला मला दोन वर्षं लागली. ते एका हत्याराचं चित्र आहे. नाव सासुमाता.

माणसापेक्षा लांब दांडा आणि टोकाला अर्धचंद्राच्या आकाराची लोखंडी बेचकी. एदो काळात तोक्यो, तेव्हाचं नाव एदो, म्हणजे लाकूड आणि कागदाच्या घरांचं शहर. आग लागली की पाणी मारून ती आटोक्यात येत नसे. पुढची घरं पाडून आगीची वाटच तोडावी लागे आणि त्या पाडापाडीत सासुमाता कामी येई. म्हणून ती नकाशावर आली. पण हेच हत्यार शिपाईही वापरत. ते बेचकी माणसाच्या गळ्याशी, कमरेशी किंवा मांडीशी लावून त्याला भिंतीला दाबून धरत.

धागा काढायचं कारण इथंच आहे. जपानी शस्त्रं म्हटलं की आपल्याकडे गाडी काताना तलवारीपासून सुरू होते आणि निन्जाच्या चांदणीवर थांबते. गेली सहा वर्षं मी इथं 'जो' शिकते आहे. जो म्हणजे साधी लाकडी काठी. ती शिकताना तिच्या शेजारची अनेक हत्यारं पाहायला मिळाली, काही हातात धरायलाही मिळाली. त्यातून माझं एक पक्कं मत झालं आहे. ही हत्यारं सुटी सुटी पाहिली तर विचित्र वाटतात. प्रत्येक हत्याराला एकच प्रश्न विचारावा: समोर कोण होता आणि त्याचं काय करायचं होतं? तो विचारला की ती एकदम समजतात.

प्रश्न असा होता. १६०३ ते १८६८ हा तोकुगावा शोगुनांचा, म्हणजे लष्करी शासकांचा काळ, तोच एदो काळ. १६३७-३८ च्या शिमाबाराच्या उठावानंतर मोठी लढाई अशी जवळपास उरलीच नाही. पण सामुराईच्या कमरेच्या दोन तलवारी कायम राहिल्या. असा माणूस भर रस्त्यात दारूच्या नशेत किंवा वैरापोटी तलवार उपसून उभा राहिला, तर शिपायानं करायचं काय? मारून टाकलं तर चौकशी कुणाची करणार? शिवाय तो बड्या घरचा निघाला तर वेगळंच प्रकरण. त्याला जिवंत धरायचं, तेही स्वतःचे हात शाबूत ठेवून.

सासुमातेसोबत आणखी दोन हत्यारं चौकी-पहाऱ्यावर उभी करून ठेवलेली असत. एक सोदेगारामी. 'सोदे' म्हणजे बाही, 'गारामी' म्हणजे गुंतवणं. काठीच्या टोकाला वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या आकड्यांचा झुबका असतो. किमोनोच्या बाह्या किती घोळदार असतात ते आठवा. झुबका बाहीत घालायचा आणि दांडा पिळायचा. कापड गोळा होत जातं आणि तलवारीचा हात त्यातच अडकतो. टोकाकडच्या भागावर लोखंडी काटे ठोकलेले असतात, कारण पकडला गेलेला माणूस सगळ्यात आधी दांडाच धरायला बघणार. दुसरं त्सुकुबो. दांड्याला आडवा काटेरी तुकडा, ढकलायला आणि पायात घालून पाडायला. तिघांना मिळून 'मित्सु-दोगू' म्हणजे तीन साधनं म्हणत. तिघंही एकट्या माणसाचं काम नव्हे. एकानं दाबायचं, दुसऱ्यानं गुंतवायचं, तिसऱ्यानं पाडायचं.

मग दोरी. होजोजुत्सु ही माणसाला दोरीनं बांधायची स्वतंत्र विद्या आहे. पकडताना घाईत बांधायची दोरी वेगळी आणि नंतर नेआण करताना बांधायची वेगळी. पकडतानाच्या बांधणीत गाठ मारत नाहीत, नुसते वेढे आणि पीळ घेतात. गाठ बसली म्हणजे माणूस 'बांधला गेला', आणि गुन्हा ठरायच्या आत तो कलंक त्याला लागू नये, असा त्यामागचा विचार सांगतात. मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा दोरी हातात धरून मी बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

एदोच्या शिपायाच्या हातात असे जुत्ते. नावाचा अर्थ 'दहा हात'. हातभर लांबीचा लोखंडी दांडा, धार नाही, मुठीच्या वर एका बाजूला आकडा. त्या आकड्यात तलवार पकडून मोडतात असं बऱ्याच ठिकाणी वाचाल. प्रत्यक्षात वार दांड्यावर घ्यायचा, तलवार घसरत आकड्यापाशी आली की मनगट फिरवून ती क्षणभर अडवायची आणि तेवढ्यात आत घुसायचं. तो क्षण हीच सगळी मिळकत. दहा लाखांच्या आसपास वस्तीचं एदो शहर उत्तर आणि दक्षिण अशा दोन नगरकचेऱ्यांवर चाले. प्रत्येकीत सुमारे २५ योरिकी म्हणजे वरचे अंमलदार आणि शंभराच्या वर दोशिन म्हणजे शिपाई. एवढ्या थोड्या माणसांचा भरवसा ज्यावर होता ते हत्यार बोथट होतं.

आता माझ्या काठीबद्दल. शिंतो मुसो-र्यू ही परंपरा १७ व्या शतकाच्या सुरुवातीला मुसो गोन्नोसुके यांनी घातली. परंपरेतली गोष्ट अशी: लांब काठी घेऊन ते मियामोतो मुसाशी या नामांकित तलवारबाजाशी लढले आणि हरले. मग क्यूशूतल्या होमान डोंगरावर ३७ दिवस साधना केली. स्वप्नात दृष्टान्त झाला, 'गोल लाकडानं सुइगेत्सु जाण.' सुइगेत्सु म्हणजे अंगावरची एक मर्माची जागा. त्यातून त्यांनी काठी आखूड केली. ४ शाकु २ सुन १ बु, म्हणजे सुमारे १२८ सेंमी, जाडी २.४ सेंमी. त्या काठीनं त्यांनी मुसाशीला हरवलं असं परंपरा सांगते. पुढं फुकुओकाच्या कुरोदा घराण्यानं त्यांना ठेवून घेतलं आणि ही विद्या त्या संस्थानात राहिली. २० व्या शतकात शिमिझु ताकाजी (१८९६-१९७८) यांनी ती तोक्योत आणली आणि पोलिसांना शिकवली.

काठी पांढऱ्या ओकची. दोन्ही टोकं सारखी, मूठ नाही, धार नाही, पुढं-मागं नाही. हीच तिची ताकद, कारण हात कुठंही सरकतो आणि कुठलंही टोक पुढं येतं. 'हिकिओतोशी' नावाचा एक प्रहार आहे, त्यावर माझी चार वर्षं गेली. समोरचा लाकडी तलवार रोखून उभा. माझी काठी मागं, तिरकी, एक टोक छातीशी. ती डोक्यावरून येते आणि तलवारीच्या पात्यावर कडेनं उतरते. आपटत नाही, उतरते. पात्याच्या अंगावरून घसरत ते खाली आणि मागं ढकलते. जोर लावला की 'ठक्क' असा कोरडा आवाज येतो आणि माझेच तळवे झिणझिणतात. बरोबर लागला की आवाज लहान, 'टक्', आणि समोरची तलवार त्या माणसाच्या मागं फेकली गेलेली असते. मला काही जाणवतसुद्धा नाही. महिन्यातून एखाद्या वेळी असा लागतो.

कुणी ही किंवा दुसरी हत्यारं शिकलं असेल, पाहिली असतील, तर जरूर लिहा.

गडवाट

सुरेख धागा. नकाशाची खूण आता डोक्यातून जाणार नाही. एक विचारतो: निन्जाची चांदणी मग खरी का खोटी?

दोन वेण्या

मी योकोहामाला असते. सासुमाता वाचून चमकलेच. लेकीच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीबाहेर ॲल्युमिनियमची ती लांब बेचकी भिंतीला टांगलेली असते आणि इतके दिवस मी ते खिडक्या उघडायचं काहीतरी समजत होते. मग लेकीला विचारलं. वर्षातून एकदा सराव होतो, एक शिक्षक घुसखोर होतो, बाकीचे त्याला त्या बेचक्यांनी कोपऱ्यात अडवतात आणि मुलं वर्गाची दारं लावून आत बसतात.

८ जून २००१ ला ओसाकातल्या इकेदा प्राथमिक शाळेत एक माणूस सुरा घेऊन शिरला आणि ८ मुलं गेली. त्यानंतर देशभरच्या शाळांत ही आली. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या शिपायाचं हत्यार माझ्या मुलीच्या शाळेत आहे, आणि तेही त्याच हेतूनं: घुसलेल्याला लांब ठेवा, मारू नका, पोलीस येईपर्यंत धरा. आई म्हणून मला हे वाचून बरं वाटलं आणि पोटात खड्डाही पडला.

पाणकणीस

@दोन वेण्या, पोटात खड्डा पडला हे अगदी समजतं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये इथं उएनोच्या बाजूला एका दागिन्यांच्या दुकानात हेल्मेट घातलेले दरोडेखोर शिरले, तेव्हा दुकानातल्या माणसानं सासुमाता घेऊन त्यांना हुसकून लावलं. ते चित्रण सगळीकडे फिरलं. फक्त एक लक्षात ठेवा, शिक्षकांनाही सांगा: एकट्यानं वापरली तर समोरचा दांडा पकडून ओढतो. ॲल्युमिनियमच्या दांड्यावर जुन्यासारखे काटे नाहीत. दोघं-तिघं हवेत.

@गडवाट, चांदणीच्या आकाराची शुरिकेन, म्हणजे हातानं फेकायचं हत्यार, होती. पण जुन्या घराण्यांत जास्त करून शिकवतात ती सरळ, जाड खिळ्यासारखी, बो-शुरिकेन. नेगिशी-र्यू हे त्यातलं एक नावाजलेलं घराणं. ती तळहातावर बोटांच्या बाजूनं, टोक वर करून ठेवायची आणि हात खाली आणताना बोटांवरून सोडायची. आपला सुरी फेकणारा सुरीला गरगर फिरवतो. इथं उलट. हातातून सुटल्यापासून लक्ष्यापर्यंत ती फक्त पाव फेरा घेते. वर असलेलं टोक तेवढ्यात पुढं येतं आणि रुततं. अंतर वाढलं की तो पाव फेरा आणखी सावकाश व्हायला हवा, आणि ते सगळं बोटांच्या शेवटच्या पेराला कळावं लागतं. शुरिकेननं माणूस मारायचा असा हिशेब कमी, तो दचकावा, डोळे मिटावेत आणि तेवढ्यात तलवार काढता यावी असा जास्त.

लाल माती

कोल्हापुरातनं लिहितोय. लहानपणापासून मर्दानी खेळ खेळतो, आता तालमीत पोरांना शिकवतो. धागा दोनदा वाचला.

आमच्याकडं विटा आहे. भाला, पण शेपटाला दोरी आणि दोरी मनगटाला. फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. माडू आहे, काळविटाची दोन शिंगं उलटसुलट जोडून मध्ये ढाल. पोरांना सुरुवातीला फरी-गदगा देतो, चामड्याची ढाल आणि गुंडाळलेली काठी, म्हणजे लागलं तरी फुटत नाही. तुमच्यात तसं काही हाय का?

दुसरं. लाकूड तलवारीसमोर टिकतं कसं? आम्ही पट्ट्यानं लिंबू काढतो, केळी-ऊस कापतो. धार काय करते ते रोज बघतो. अडीच सेंटिमीटरची काठी एका घावात जाईल की. हा आडवा प्रश्न नाही, मला खरंच समजून घ्यायचंय.

पाणकणीस

दादा, हा प्रश्न मीही पहिल्याच आठवड्यात विचारला होता.

काठी धारेसमोर येतच नाही. सगळे काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे सराव, तसे बांधलेले आहेत. तलवार उतरत असताना तुम्ही रेषेतून बाजूला झालेले असता आणि काठी पडते ती पात्याच्या अंगावर, पाठीवर किंवा थेट मनगटावर. ओकच्या काठीचा फटका मनगटाच्या हाडावर बसला की तलवार धरून ठेवता येत नाही. आणि आमच्याकडे आडवी धरून वार झेलणं हे चुकलेलं मानतात. परवाच माझं तसं झालं. सेन्सेई, म्हणजे आमचे गुरू, तिथंच थांबले, लाकडी तलवार माझ्या काठीच्या मधोमध टेकवली आणि हळूच खाली माझ्या बोटांपर्यंत सरकवत नेली. काही बोलले नाहीत.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडेल, तुम्ही शिकवता म्हणून. काता दोघांचा असतो. एक तलवारवाला, उचिदाची. एक काठीवाला, शिदाची. काता कायम काठीच्या जिंकण्यावर संपतो. आणि तलवार नेहमी वडीलधाऱ्याच्या हातात असते. म्हणजे जो जास्त जाणता तो दर वेळी हरतो. सेन्सेईंचं वय सत्तरीच्या पुढं आहे. दर शनिवारी आम्ही बाराजणं आळीपाळीनं त्यांना हरवतो. वार किती वेगानं करायचा, किती जवळ येऊ द्यायचं, हे ते समोरच्याच्या कुवतीप्रमाणे ठरवतात. थोडासा जास्त, झेपेल त्याच्या एक बोट पुढं. त्यातून शिकणारा वर चढतो.

फरी-गदग्याचं म्हणाल तर अगदी जुळतं. १६ व्या शतकात कामिइझुमी नोबुत्सुना यांनी बांबूच्या चिरफळ्या करून त्यावर चामड्याची पिशवी चढवली. फुकुरो-शिनाई. यागयू घराण्यात अजून तीच वापरतात. दोन्हीकडच्या वस्तादांना पोरांची बोटं वाचवायची होती.

लाल माती

जाणता हरतो हे वाचून गप्प झालो. उद्या तालमीत थोरल्या पोरांना वाचून दाखवणार.

निशिगंध

मी नागिनाताबद्दल लिहिते. लांब दांड्याला वळलेलं पातं. आधी भिक्षू-योद्ध्यांचं आणि पायदळाचं, पुढं सामुराई घरातल्या बायकांचं हत्यार झालं. आजचा खेळ वेगळा, त्याचा महासंघ १९५५ चा. ओकचा दांडा, पुढं बांबूचं पातं, लांबी २१० ते २२५ सेंमी. केन्दोत, म्हणजे बांबूच्या तलवारीच्या खेळात, नसलेली एक गोष्ट यात आहे. नडगीवरचा वार धरतात. त्यामुळे नडगीला चिलखत बांधावं लागतं आणि केन्दोवाले समोर आले की आधी पायच विसरतात.

पण मला सांगायचंय ते नाकानो ताकेकोबद्दल. १८६८ चं बोशिन युद्ध, सम्राटाचं नवं सरकार आणि शोगुनांच्या बाजूची माणसं यांच्यातलं. आइझु संस्थानाला वेढा पडलेला. समोर बंदुका आणि तोफा. बायकांना सैन्यात घ्यायला अधिकारी तयार नव्हते, तेव्हा वीसेक बायका आपण होऊन एकत्र आल्या. आई, बहीण, शेजारणी. हातात नागिनाता. ताकेको त्यांच्या पुढं होती, वय विशीच्या थोडं वर. तिच्या नागिनाताला एक कविता बांधलेली होती. भाव असा: योद्ध्यांच्या शूर मनांपुढं माझी काय गणती, तरीही मी. गोळी लागून ती पडली. शीर शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून बहिणीनं ते आणलं आणि आइझु-बांगेच्या होकाइ-जी मंदिरात पुरलं.

मी त्या मंदिरात गेले आहे. दगड छोटा आहे. पाणकणीस, तुमचा प्रश्न इथं लावून पाहिला. समोर कोण होता? बंदूक. त्या प्रश्नाला नागिनाता हे उत्तर नव्हतं आणि त्या सगळ्यांना ते ठाऊक होतं.

पाणकणीस

निशिगंध, हे मी माझ्या मतात बसवू शकत नाही आणि बसवायचाही प्रयत्न करणार नाही. लिहिलंत म्हणून आभार.

पहिली लोकल

डोंबिवलीत कराटे शिकलो, वीस वर्षं झाली. आपल्याकडच्या बहुतेक वर्गांत नुनचाकु, साई, तोन्फा थोडंफार शिकवतात, पण ते कुठून आलं हे कुणी सांगत नाही. मला ते खूप उशिरा कळलं. ही मुख्य जपानची हत्यारं नव्हेत. ओकिनावाची. तेव्हाचं र्युक्यू राज्य. भाषा वेगळी, राजा वेगळा. १६०९ मध्ये दक्षिण जपानच्या सात्सुमा संस्थानानं ते जिंकलं आणि १८७९ मध्ये जपाननं ते पूर्ण गिळलं.

साई म्हणजे तीन काट्यांचं ते लोखंडी हत्यार. तेही तिथल्या शिपायांचंच होतं, तुमच्या जुत्तेचं भावंड म्हणा ना. धार नाही, अडवायचं आणि धरायचं. कमी माहितीचं म्हणाल तर तिन्बे-रोचिन. एका हातात ढाल, पूर्वी कासवाच्या पाठीची असे, आणि दुसऱ्या हातात आखूड भाला. @लाल माती, तुमच्या माडूची आठवण आली.

मला सगळ्यात प्रिय एकु, म्हणजे वल्हं. होडीचंच वल्हं. त्सुकेन बेटाच्या नावाचा एक काता आहे. किनाऱ्यावरची लढाई. त्यात एका ठिकाणी वल्ह्याचं पातं वाळूत घालून समोरच्याच्या डोळ्यांवर वाळू उडवायची हालचाल आहे. जिमच्या फरशीवर वर्षभर ती हालचाल केली आणि ती कायम खोटी वाटत राहिली. मग एकदा अलिबागला किनाऱ्यावर सराव केला. पातं ओल्या वाळूत गेलं, उचललं, तर वाळूचा जड पट्टा असा सपकन समोर गेला. आणि तेव्हा कळलं की पातं रुंद का आहे, एका बाजूनं फुगीर का आहे, आणि तिथं गुडघा इतका का वाकवायला सांगतात.

हे आज टिकून आहे त्याचं मोठं श्रेय ताइरा शिन्केन (१८९७-१९७०) यांना. बेटाबेटांवरच्या म्हाताऱ्यांकडून काता गोळा करून त्यांनी ते बांधून ठेवले. मातायोशी घराण्यानंही तेच केलं.

पाटी पेन्सिल

पहिली लोकल, प्रतिसाद फार आवडला. एक जोडतो, कारण यावर कुणीतरी हमखास लिहिणार: 'राजानं हत्यारं बंद केली म्हणून शेतकऱ्यांनी विळा-कोयत्याची हत्यारं केली.' ही गोष्ट ऐकायला गोड आहे पण पुराव्यात डळमळते. र्युक्यूच्या राजाच्या शुरी किल्ल्यातला १५०९ चा शिलालेख यासाठी दाखवतात. त्यात राजानं तलवारी आणि धनुष्यबाण देशाच्या रक्षणासाठी साठवले असं म्हटलं आहे. साठवणं म्हणजे बंदी नव्हे. शिवाय ज्यांच्या नावानं काता आहेत त्यातले कितीतरी दरबारी आणि अंमलदार वर्गातले होते. दिवसभर शेतात राबणाऱ्याला साईचा काता घोटायला वेळ कुठला?

वल्हं मात्र कोळ्याचंच. ते कुणी हिरावू नये.

पहिली लोकल

मान्य. माझ्या वर्गात मी स्वतः ही शेतकऱ्यांची गोष्ट मुलांना सांगत आलो. आता नाही सांगणार.

गडवाट

साखळीवाला विळा राहिला की!

पाणकणीस

कुसारिगामा. आमच्या परंपरेसोबतच इश्शिन-र्यूची कुसारिगामा शिकवतात, पण खूप पुढं गेल्यावर. मी अजून पाहणारीच. एका हातात विळा, दुसऱ्या हातात साखळी, साखळीच्या टोकाला वजन. सरावात साखळीऐवजी दोरी आणि गुंडाळलेला मऊ गोळा असतो. नाहीतर शिकायला माणसं उरणार नाहीत.

पाहताना कळलेली गोष्ट: भीती विळ्याची नसते, अंतराची असते. तलवारवाल्याला आपली तलवार कुठवर पोचते हे अंगात भिनलेलं असतं. फिरतं वजन ते मोडतं. कधी डोक्याजवळून जातं, कधी तलवारीला वेटोळं घालतं, आणि तो त्याकडे बघत असताना विळेवाला आत आलेला असतो. त्याचा दोषही तिथंच आहे. अरुंद बोळ, झाडी, आजूबाजूला आपलीच माणसं, असं काहीही असलं की ती निकामी.

म्हणून मला तिच्यापेक्षा मान्रिकि-गुसारी जास्त पटते. नुसती आखूड साखळी, दोन्ही टोकांना वजन, मुठीत मावणारी. नावाचा अर्थ दहा हजारांचं बळ. ती ओगाकी संस्थानातल्या मासाकि तोशिमित्सु यांच्या नावावर आहे. सांगतात की त्यांच्याकडे एदो किल्ल्याच्या दरवाजाचा पहारा होता, आणि त्या दारात रक्त सांडणं बरं नव्हे म्हणून त्यांनी ही विद्या बसवली. पुन्हा तोच प्रश्न, फक्त उंबरठा बदलला.

करवंद

नागोयात असतो, गाड्यांच्या कामात. इथल्या ओवारी संस्थानाचा एक भाला आहे, कुदा-यारी, तो दुसरीकडे फारसा दिसत नाही. साडेतीन मीटरच्या वर लांब. पुढच्या हातात दांडा नाही, एक धातूची नळी असते आणि दांडा त्या नळीतून सरकतो. मागचा हात रेटतो आणि किंचित गोल फिरतो, त्यामुळे टोक मळसूत्रासारखं फिरत येतं. हात आणि लाकडाची घासण नाही, म्हणून वेग असा की टोक दिसत नाही, नुसती समोरची हवा थरथरते. मी यंत्रावर काम करणारा माणूस, सरकती नळी बघून बेअरिंगच आठवलं. १७ व्या शतकातलं. आणि इथं काता पाठ करून थांबत नाहीत, चिलखतं घालून भाल्यांची खरी झुंज लावतात. प्रेक्षकातसुद्धा मी दोन पावलं मागं सरकलो होतो.

चकोर

भाला निघालाच आहे तर नारा शहरातली गोष्ट सांगतो. कोफुकु-जी मंदिराचे भिक्षू होझोइन इन्एइ (१५२१-१६०७). सारुसावा तळ्याकाठी रात्री भाल्याचा सराव करत होते. पाण्यात चंद्रकोर पडलेली, आणि तिच्यावर भाल्याचं प्रतिबिंब आडवं आलं. त्यावरून त्यांनी भाल्याला आडवी पाती लावली असं सांगतात. तो फुलीचा भाला, आणि होझोइन-र्यू नारात आजही शिकवतात. त्यांची एक कविता आहे:

त्सुकेबा यारी, नागेबा नागिनाता, हिकेबा कामा...

खुपसला तर भाला, झोडपला तर नागिनाता, ओढला तर विळा. कसाही चालवा, वार फुकट जायचा नाही.

पाणकणीस

चकोर! हे वाचून उठून उभी राहिले. आमच्या काठीची कविता ऐका:

त्सुकेबा यारी, हाराएबा नागिनाता, मोताबा ताची...

खुपसली तर भाला, झाडली तर नागिनाता, धरली तर तलवार. एकाच साच्यातली. एका बाजूला आडवी पाती लावून हत्यार वाढवत नेलं, दुसऱ्या बाजूला सगळी पाती काढून टाकली, आणि दोघांनी तेच म्हटलं.

आणि चंद्र. वर लिहिलेल्या दृष्टान्तातलं 'सुइगेत्सु' म्हणजे शब्दशः पाण्यातला चंद्र. अंगावरची ती जागा छातीच्या हाडाखाली, जिथं फटका बसला की श्वास अडकतो. कितीतरी कातांमध्ये काठीचं टोक तिथंच जाऊन थांबतं. सहा वर्षं मी ते टोक तिथं नेते आहे आणि सारुसावाची गोष्ट मला आज कळली. होमान डोंगराच्या पायथ्याच्या कामादो देवळात गेले होते, तशी आता नारालाही जाणार.

दोन वेण्या

लेक मागं लागली आहे की हे सगळं प्रत्यक्ष बघायचं. कुठं बघता येईल?

पाणकणीस

३ नोव्हेंबरला, संस्कृती दिनाला, मेइजी देवळाच्या आवारात जुन्या घराण्यांची प्रात्यक्षिकं असतात. उघड्यावर, गवतावर, माणसं दोरीपलीकडे बसून बघतात. सकाळी लवकर या म्हणजे पुढं जागा मिळते, आणि बसायला काहीतरी आणा. आमची मंडळी काठी घेऊन असतील. हाराजुकु स्टेशनच्या बाहेर भेटू, लेकीसाठी एक आखूड काठी घेऊन येते.